गिअर कोणीं बदलावा ?

नाशिक शहराच्या इंदिरानगर भागांतील एखादें चारचौघांसारखें घर डोळ्यांपुढें आणावें. वडील नोकरींतून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढचें. आईनें तरुणपणीं गाडी चालविण्याचा परवाना मिळविलेला, पण क्लचचा धसका घेऊन पुढें चाकाला हात न लावलेला. मुलगी पुण्यास नोकरी करणारी, शनिवारीं-रविवारीं घरीं येणारी. घरांत नवी गाडी घ्यावयाचें ठरलें आहे. आणि ती जरा चपळ, चढावर न दमणारी, वळणावर पाय रोवून धांवणारी अशी, म्हणजे जिला हौशी लोक स्पोर्ट्स कारच्या जातीची म्हणतात तशी असावी, हा मुलीचा आग्रह मान्यहि झाला आहे. अडलें आहे तें पुढच्या प्रश्नापाशीं. हातानें गिअर बदलण्याची गाडी घ्यावी कीं आपोआप गिअर बदलणारी घ्यावी? वडील म्हणतात, "क्लच नाहीं ती गाडी कसली?" मुलगी म्हणते, "बाबा, आतां यंत्र माणसापेक्षां लवकर गिअर बदलतें. तुम्ही उगीच हट्ट धरतां." आई दोघांचेंहि ऐकून घेते आणि एवढेंच विचारते, "अहो, रात्रीं बारा वाजतां तुम्हांलाच दवाखान्यांत न्यावयाची वेळ आली, तर ही गाडी चालवणार कोण?"

वाद लहान दिसतो. परंतु त्यांत पैसा, प्रकृति, सुरक्षितता आणि आनंद या चारहि गोष्टी गुंतलेल्या आहेत. शिवाय गाडी म्हणजे कांहीं छत्री नव्हे कीं पसंत न पडल्यास दुसरी आणावी. एकदां केलेली निवड आठ-दहा वर्षें निभवावी लागते. म्हणून ती आवडीवर किंवा ऐकीव गोष्टींवर सोपविण्यापूर्वीं गिअर हें प्रकरण मुळांत काय आहे, तें नीट समजून घेणें हिताचें होय.

पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. तें उभें असतां त्याच्या अंगीं जोर मुळींच नसतो. मिनिटास ७००-८०० फेऱ्या घेऊं लागलें म्हणजे तें कसेंबसें स्वतःपुरतें जिवंत राहतें. २००० ते ५००० फेऱ्यांच्या दरम्यान त्याचा खरा भर असतो, आणि ६००० च्या पलीकडे फार ताणलें तर तें धापा टाकूं लागतें. उलट गाडीच्या चाकाचें काम शून्यापासून सुरू होतें. साधारण गाडीचें चाक एका फेरींत सुमारे २ मीटर अंतर तोडतें. म्हणजे ताशीं १० किलोमीटर वेगानें जातांना तें मिनिटास अवघ्या ८३ फेऱ्या घेतें, आणि ताशीं १०० किलोमीटरनें जातांना सुमारे ८३०. इंजिनाला हळू फिरणें जमत नाहीं आणि चाकाला हळू फिरल्यावांचून चालत नाहीं. या दोन विजोड स्वभावांचा संसार सुखानें चालावा म्हणून मध्यें जो मध्यस्थ बसविला आहे, तोच गिअरचा डबा.

मध्यस्थाची युक्ति जुनीच आहे. पहारीनें दगड उचटणारा मनुष्य हात पुष्कळ हलवितो आणि दगड थोडा हलतो. पण जोर अनेक पटींनीं वाढतो. जोर मिळवावा तर वेग द्यावा लागतो, वेग मिळवावा तर जोर सोडावा लागतो. पहिल्या गिअरमध्यें इंजिनाच्या सुमारे १४ फेऱ्यांस चाकाची एक फेरी होते. म्हणून तेथें जोर भरपूर आणि वेग अल्प. शेवटच्या गिअरमध्यें इंजिनाच्या सुमारे ३ फेऱ्यांस चाकाची एक. म्हणून तेथें वेग भरपूर आणि जोर अल्प. नाशिककरांस याचें उत्तम उदाहरण घरच्याच वाटेवर पाहावयास मिळतें. कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारी आगगाडी थळ घाटांत ३७ फुटांस १ फूट असा चढ चढते. तेवढ्यापुरतीं तिला जादा इंजिनें जोडून मागून रेटा द्यावा लागतो. मोटारगाडीस असें जादा इंजिन कोण आणून देणार? ती आपल्या एकाच इंजिनाचा जोर गिअर बदलून वाढवून घेते.

गिअर बदलतांना इंजिन आणि चाकें यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो, आणि पुन्हा जोडतांना धक्का न बसूं देतां हळूहळू जोडावा लागतो. हें काम क्लचच्या तबकड्यांचें. पूर्वीं हें काम फार जिकिरीचें होतें. दांतेरी चाकांच्या गती जुळल्या नाहींत तर डब्यांतून असा कर्कश आवाज येई कीं रस्त्यावरचे लोक वळून पाहत. कॅडिलॅक कंपनीनें १९२८ सालीं आपल्या गाड्यांत गती आपोआप जुळविणारी सिंक्रोमेशची योजना आणली, आणि पुढें तिचा सर्वत्र प्रसार झाला. आपल्याकडे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट व पुढें पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. चक्राखालची ती गिअरची दांडी ओढतां-ढकलतांना महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांचा हात तयार झाला. मुंबईच्या टॅक्सींतून ही पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची निवृत्त झाली. वडिलांच्या हट्टामागें असा इतिहास आहे. तो नुसता हट्ट नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. गिअर बदलणें हें दिसतें एक काम, पण आहेत दोन. पहिलें काम निर्णयाचें : आतां बदलावा कीं नाहीं, वरचा घ्यावा कीं खालचा? दुसरें काम मेहनतीचें : क्लच दाबावा, दांडी सरकवावी, क्लच सोडावा. हातगिअरच्या गाडींत हीं दोन्हीं कामें माणूस करतो. आपोआप चालणाऱ्या गाडींत दोन्हीं कामें यंत्र करतें. आणि या दोन टोकांच्या मध्यें अशाहि गाड्या आहेत कीं ज्यांत निर्णय माणसाचा आणि मेहनत यंत्राची. ज्यानें हा भेद ध्यानांत घेतला त्याचा अर्धा गोंधळ मिटला, कारण निवड करावयाची ती "कोणतें काम यंत्रावर सोंपवावें?" याचीच होय.

'ऑटोमॅटिक' या एकाच नांवाखालीं दुकानांत चार निरनिराळे प्रकार विकले जातात, आणि त्यांचे गुणदोषहि निरनिराळे आहेत. पहिला प्रकार तेलाच्या माध्यमाचा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. तसेंच येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. तबकड्या घासत नाहींत, म्हणून गाडी अगदीं मऊपणें सुटते. हर्मन फॉटिंगर या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानें या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें होतें. अमेरिकेंतील ओल्ड्समोबिल कंपनीनें १९३९ च्या अखेरीस तेलाच्या माध्यमानें चालणारी संपूर्ण ऑटोमॅटिक गाडी मोठ्या प्रमाणावर विकावयास आणली. नाशिकच्याच महिंद्र कारखान्यांत तयार होणारी थार ही गाडी २०२० सालीं नव्या रूपांत आली, तेव्हां तींत हातगिअर आणि हा प्रकार असे दोन्हीं पर्याय ठेवले होते. आणि मौज अशी कीं पेट्रोलच्या गाडींत हातगिअरला ३०० न्यूटन-मीटरचा पीळ, तर ऑटोमॅटिकला ३२० चा दिलेला होता. ऑटोमॅटिक म्हणजे दुबळी, हा समज किती जुना झाला आहे तें यावरून दिसेल.

दुसरा प्रकार पट्ट्याचा. त्यांत ठराविक गिअर नसतात. पट्टा कप्प्यांवर खालींवर सरकतो आणि प्रमाण अखंड बदलत राहतें. नेदरलंड्समधील डाफ कंपनीनें १९५८ सालीं तो मोटारींत आणला. शहरांतील शांत प्रवासास तो सुखाचा. पण जोरानें पाय दाबला असतां इंजिन आधीं ओरडतें आणि गाडी मागाहून धांवते, म्हणून वेगाच्या शौकिनांस तो रुचत नाहीं. तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त : डबा हातगिअरचाच, क्लचहि तोच, मात्र माणसाच्या हातापायांच्या जागीं यंत्राचे हातपाय बसविलेले. आपल्या देशांत २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरियो गाडीनें तो घरोघर पोंचविला. यांत पैसा वाचतो. परंतु गिअर बदलतांना गाडी क्षणभर डोकें हलविल्यासारखी अडखळते.

चौथा प्रकार दुहेरी क्लचचा, आणि चपळ गाड्यांचा खरा संबंध याच्याशीं आहे. यांत दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पांचवा असे विषम गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा असे सम. गाडी तिसऱ्यांत धांवत असतांच यंत्र चौथा लावून तयार ठेवतें. वेळ आली कीं एक क्लच सुटतो, त्याच क्षणीं दुसरा धरतो, आणि मध्यें ओढ तुटतच नाहीं. पोर्शे कंपनीनें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत आपल्या शर्यतीच्या गाड्यांवर ही योजना कसास लावली, आणि फोक्सवागेनने २००३ सालीं ती रस्त्यावरच्या गाडींत आणली. याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यांत होणाऱ्या व्हर्टस गाडीच्या वेगवान जातीस प्रथम हाच एक गिअर होता. २०२३ सालीं तिला हातगिअरहि जोडण्यांत आला. हुंडाईच्या आय-ट्वेंटी एन-लाइन गाडीची कथाहि बोधप्रद आहे. २०२१ सालीं तींत क्लचच्या पायवट्याशिवाय हातानें गिअर बदलण्याची एक अर्धवट सोय होती. २०२३ सालीं ती काढून टाकून सरळ जुन्या पद्धतीचा हातगिअर दिला. ज्यांस गिअर हातानें बदलावयाचा आहे त्यांस क्लचहि हवा असतो, हा त्याचा सरळ अर्थ.

खऱ्या वेगाच्या जगांत मात्र वाद केव्हांच निकालांत निघाला आहे. १९८९ सालीं ब्राझीलच्या ग्रां प्रीमध्यें नायजेल मॅन्सेल यानें जी फेरारी गाडी चालवून शर्यत जिंकली, तींत गिअरची दांडीच नव्हती. चक्रामागच्या दोन पट्ट्या बोटांनीं ओढावयाच्या आणि बाकीची मेहनत यंत्रानें करावयाची. हात चक्रावरून न काढतां गिअर बदलतो याचा लाभ एवढा मोठा होता कीं थोड्याच वर्षांत सर्वांनीं तोच मार्ग धरला. येथें एक गोष्ट विसरूं नये. मॅन्सेलनें मेहनत यंत्रास दिली होती; निर्णय दिला नव्हता.

तरीहि पुढें जें घडलें तें विचार करण्यासारखें आहे. पोर्शेनें २०१३ सालीं आपली ९११ जीटी-३ ही गाडी फक्त दुहेरी क्लचच्या आपोआप गिअरसह आणली. ती पूर्वीपेक्षां वेगवान होती. तरी जुने शौकीन हिरमुसले. मग २०१६ सालीं कंपनीनें केवळ हातगिअरची ९११ आर ही गाडी काढली. ९९१ च गाड्या होत्या, त्या हां हां म्हणतां संपल्या. दुसऱ्याच वर्षीं जीटी-३ मध्यें हातगिअर पुन्हा आला. २०२१ च्या जीटी-३ चे आंकडे पाहिले तर शून्यापासून ताशीं १०० किलोमीटर वेग गांठण्यास आपोआप गिअरच्या गाडीस ३.४ सेकंद लागतात, हातगिअरच्या गाडीस ३.९. वजनांत हातगिअरची गाडी १७ किलोंनीं हलकी, १४१८ किलोंची. तरी वेगांत ती मागेंच. म्हणजे लोकांनीं अर्धा सेकंद बुद्ध्या सोडला आणि मोबदल्यांत दांडी मागून घेतली. असें कां?

कारण अर्ध्या सेकंदाचा उपयोग शर्यतीच्या मैदानावर. सार्वजनिक रस्त्यावर त्याला किंमत नाहीं. पेटीचा सूर तयार ठेवलेला असतो, बोट ठेवलें कीं निघतो. सारंगीचा सूर वादकास शोधून काढावा लागतो. म्हणून कांहीं पेटी वाईट ठरत नाहीं. पण सारंगीवाल्याला जें समाधान मिळतें त्याची जातच वेगळी. वळणाच्या अलीकडे उजव्या पायाच्या चवड्यानें ब्रेक दाबीत, त्याच पायाच्या कडेनें ॲक्सिलरेटरला टिचकी देऊन इंजिनाची गति जुळवावी आणि तिसऱ्यांतून दुसऱ्यांत असें उतरावें कीं शेजारच्यास कळूं नये, ही एक कला आहे. नाशिकच्या परिसरांत अनेक वर्षें भरलेली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ज्यांनीं धुळीच्या कडेला उभे राहून पाहिली असेल, त्यांस या कलेची चुणूक सांगावयास नको. ज्याला गाडी चालविण्यांतच आनंद आहे, त्यानें हातगिअर घ्यावा. मात्र "तो अधिक वेगवान असतो" असें कारण देऊं नये. तें आतां खरें राहिलेलें नाहीं.

मैदान आणि घाट सोडून घराकडे वळलें म्हणजे चित्र पालटतें. मुंबई-आग्रा महामार्गाखालील इंदिरानगरचा बोगदा, मुंबई नाका, द्वारका या ठिकाणांच्या गर्दीचा अनुभव नाशिककरांस नवा नाहीं. अशा दाटींत गाडी दहा पावलें चालते आणि थांबते. दर वेळीं क्लच दाबावयाचा, अर्धा सोडावयाचा, पुन्हा दाबावयाचा. साठीच्या गृहस्थांचा डावा गुडघा हें निमूटपणें सोसतो; पण रात्रीं तेल चोळतांना हिशेब मागतो. ज्यांचा डावा पाय अधू आहे त्यांना तर क्लच नसलेली गाडी म्हणजे चैन नव्हे, घराबाहेर पडण्याचें स्वातंत्र्य आहे. म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेणें हें आळसाचें किंवा कमीपणाचें लक्षण मानण्याची जी एक रीत पडली आहे, ती सोडून द्यावी हें बरें.

तथापि ऑटोमॅटिक घेतली म्हणजे शिकावयाचें कांहीं उरलें नाहीं, हा समज धोक्याचा आहे. आयुष्यभर क्लच दाबलेला मनुष्य अशा गाडींत बसला कीं त्याचा डावा पाय संवयीनें क्लच शोधूं लागतो, आणि सांपडतो तो ब्रेक. क्लचच्या जोरानें ब्रेक दाबला गेला म्हणजे गाडी जागच्या जागीं थबकते आणि मागचा येऊन आदळतो. यास्तव डावा पाय बाजूच्या विसाव्यावर ठेवावा तो तेथून हलवूंच नये. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक हीं दोन्हीं कामें एकट्या उजव्या पायाचीं. गाडी सुरू करतांना, गिअरमध्यें घालतांना उजवा पाय ब्रेकवरच असावा. उतारावर गाडी उभी करतांना आधीं हातब्रेक ओढावा आणि मग दांडी पार्किंगच्या खुणेवर न्यावी. म्हणजे गाडीचा सारा भार डब्यांतील एका लहानशा खिटीवर पडत नाहीं. चढावर रांगेंत उभें असतां ॲक्सिलरेटर किंचित् दाबून गाडी तोलून धरण्याची खोड कित्येकांस असते. दुहेरी क्लचच्या आणि स्वस्त प्रकारच्या गाड्यांत आंत क्लच आहेच. तो अशानें तापतो आणि झिजतो. तेथें सरळ ब्रेक दाबून उभें राहावें.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न घाट उतरण्याचा, कारण तेथें चूक झाली तर ती पैशांत भरून निघत नाहीं. इगतपुरीहून कसाऱ्यास उतरतांना गाडी सुमारे ३०० मीटर खालीं येते. माणसांसह १३०० किलो वजनाची गाडी एवढी खालीं आली म्हणजे तिच्या भारांतून जी शक्ति मोकळी होते तिचा हिशेब सोपा आहे : १३०० गुणिले ९.८ गुणिले ३००, म्हणजे सुमारे ३८ लक्ष ज्यूल. एवढ्या उष्णतेनें साधारण १२ लिटर गार पाणी उकळीस येईल. ही उष्णता कोठें तरी गेलीच पाहिजे. कांहीं भाग वाऱ्याच्या विरोधांत जातो. उरलेली सारी, सतत ब्रेक दाबून उतरल्यास, ब्रेकच्या तबकड्यांत शिरते. त्या फार तापल्या कीं ब्रेकची पकड कमी होते, आणि पाय दाबला तरी गाडी पूर्वींसारखी थांबत नाहीं. यावर उपाय एकच : खालच्या गिअरमध्यें उतरावें, म्हणजे चाकें इंजिनास फिरवितात आणि इंजिनाचा विरोध गाडीस आवरून धरतो. ब्रेक मग अधूनमधून पुरतो.

हातगिअर चालविणाऱ्यास हें कोणी सांगावें लागत नाहीं. "ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें" ही शिकवण त्याच्या हातांत भिनलेली असते. आपोआप गिअरच्या गाडीसहि हें जमतें. कित्येक नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरतात. पण जिला तसें जमत नाहीं, तिला वाटतें कीं पाय उचलला आहे, इंजिनावर भार नाहीं, तर वरचा गिअर घ्यावा. यंत्राला मागचा रस्ता कळतो, पुढचा दिसत नाहीं. अशा वेळीं निर्णय माणसानें परत आपल्या हातीं घ्यावा. त्यासाठींच तर दांडीला हाताच्या निवडीची किंवा खालच्या गिअरची खूण असते, आणि चपळ गाड्यांत चक्रामागें पट्ट्या असतात. ज्या चालकास या खुणेचा उपयोग ठाऊक नाहीं, त्यानें गाडी घाटांत नेण्यापूर्वीं तो शिकून घ्यावा. आणि न्यूट्रल करून उतारावर गाडी सोडून देणें हें दोन्हीं प्रकारांत सारखेंच वाईट. त्यानें पेट्रोल वाचतें ही समजूतहि चुकीची. आजचें इंजिन गिअरमध्यें असतां पाय उचलला कीं पेट्रोल घेणेंच थांबवितें, न्यूट्रलमध्यें मात्र जिवंत राहण्यापुरतें पीत राहतें.

५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा तो मार्ग पुरा झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यामुळें मुंबईस जाणाऱ्याला आतां कसारा घाट टाळतांहि येतो. अशा सरळ मार्गावर दोन्हीं गाड्या शेवटच्या गिअरमध्यें तासन् तास धांवतात. तेथें निवडीचा प्रश्नच उरत नाहीं. तेथील खरा धोका गिअरचा नसून झोपेचा आहे.

पैशाचा विचार थोडक्यांत असा. एकाच गाडीचे दोन्हीं प्रकार घेतले तर आपोआप गिअरची गाडी महाग पडते. स्वस्त प्रकारांत फरक कांहीं हजारांचा, तेलाच्या व दुहेरी क्लचच्या प्रकारांत बहुधा लाखाच्या घरांतला. पेट्रोलच्या खर्चांत पूर्वीं मोठा फरक असे, तो आतां नांवाला उरला आहे. दुरुस्तीच्या बाबतींत हातगिअर अजून गरिबाचा मित्र आहे : क्लचची तबकडी झिजली तर ती कोणत्याहि बऱ्या कारखान्यांत बदलून मिळते, आणि बॅटरी उतरली तर चौघांनीं ढकलून गाडी सुरू करतां येते. आपोआप गिअरची गाडी ढकलून सुरू होत नाहीं, आणि दुहेरी क्लचचा डबा बिघडला तर खर्च डोळे पांढरे करतो. म्हणून ती नवी घेतांना हमीची मुदत किती वर्षांची आहे हें लेखी पाहून घ्यावें, आणि जुनी घेतांना जाणत्याकडून तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट मुलांच्या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्यें ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा देणाऱ्यास हातगिअरची गाडी चालविण्याचा परवाना मिळत नाहीं. जीं मराठी मुलें शिक्षणास किंवा नोकरीस तिकडे जातात, त्यांनीं येथेंच क्लच शिकून घेतलेला बरा. दुसऱ्या बाजूनें काळहि पालटत आहे. विजेच्या मोटरीस पहिल्या फेरीपासूनच पुरा जोर असतो, आणि ती मिनिटास १०,००० फेऱ्यांच्याहि पलीकडे सहज जाते. तिला मध्यस्थाची गरज नाहीं, म्हणून विजेच्या बहुतेक गाड्यांत एकच गिअर असतो. विजेची गाडी घरोघर झाली म्हणजे हा सारा वादच मिटेल. तोंपर्यंत हातगिअर ही एक विद्या आहे, आणि विद्या शिकण्यास गाडी स्वतःचीच असावी लागते असें नाहीं.

आतां इंदिरानगरच्या त्या घरीं परत जावें. अशा घरानें कागदावर वाद घालीत न बसतां एक साधी परीक्षा करावी. दुकानदाराकडून त्याच गाडीचे दोन्हीं प्रकार मागून घ्यावे. रिकाम्या रस्त्यावर मिरविण्याऐवजीं ते संध्याकाळच्या गर्दींत न्यावे. जेथें चढावर थांबून पुन्हा सुटावें लागतें अशा जागीं न्यावे. मागें घेऊन अरुंद फाटकांतून आंत घालून पाहावे. आणि घरांत ज्यांच्याजवळ परवाना आहे त्या प्रत्येकानें चक्रावर बसावें. ज्याला गाडीची सर्वांत अधिक हौस आहे त्यानें सर्वांत शेवटीं बसावें. वडील या परीक्षेस बसले तर पंधरा मिनिटांत त्यांचा गुडघा त्यांना जें सांगेल, तें ते कदाचित् मुलीला सांगणार नाहींत. पण आईच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. आणि आई बसली तर वीस वर्षांत प्रथमच तिला असें आढळेल कीं भीति वाटत होती ती गाडीची नव्हती, क्लचची होती.

अशा घरास योग्य गाडी कोणती, याचें उत्तर मग आपोआप निघतें : दुहेरी क्लचची किंवा तेलाच्या माध्यमाची, आणि चक्रामागें हाताच्या निवडीची सोय असलेली. गर्दींत मेहनत यंत्रानें करावी, घाटांत निर्णय माणसानें घ्यावा. जेथें चालविणारा एकटा, तरुण आणि हौशी आहे, किंवा घरांत दुसरी गाडी आहे, तेथें हातगिअर खुशाल घ्यावा आणि त्याचा आनंद भरपूर लुटावा. मुलगी म्हणते तें वेगाच्या बाबतींत खरें आहे; वडील म्हणतात तें आनंदाच्या बाबतींत खरें आहे. पण गाडी घराची असेल, तर प्रश्न आईचाच आधीं सोडवावा लागतो. मध्यरात्रीं किल्ली ज्याच्या हातीं येईल, त्याला ती गाडी चालवितां आली पाहिजे. आणि वडिलांनीं तरी खंत कां करावी? पुढच्या रविवारीं एखाद्या मोकळ्या मैदानावर जुनी गाडी नेऊन त्यांनीं मुलीला क्लच नीट शिकवावा. गाडी बदलली तरी हाताची विद्या घरांतच राहील.